झाली नऊ, राहिली चार

गेल्या श्रावणात आत्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, पण जिना स्वतः चढते, हात धरलेला चालत नाही. डॉक्टर तरुण मुलगी होती, हसरी. आत्याचं वय ऐकून तिने भुवया उंचावल्या आणि कौतुकाने एकेक प्रश्न विचारत संगणकावर टिपत गेली. साखर? नाही. दमा? नाही. घरात कुणाला हृदयाचा त्रास? मग विचारलं, ‘आजी, तुम्ही भावंडं किती?’ आत्या म्हणाली, ‘झालंव नऊ, रवलंव चार.’ डॉक्टरला मालवणी कळेना, म्हणून मी सांगितलं, नऊ झाली, चार राहिली. तिने नऊचा आकडा उमटवला आणि विचारलं, ‘बाकीच्या पाच जणांना काय होतं? हार्ट? डायबेटिस?’ आत्याने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. ‘छे गो, बारकी होती ती. तशीच गेली.’ डॉक्टरने मान डोलावली, एक बटण दाबलं, नऊच्या जागी चार केले आणि पुढचा प्रश्न विचारला. तिचं चुकलं असं नाही. सव्वा महिन्याचं पोर शंभर वर्षांपूर्वी गेलं, यावरून आत्याच्या गुडघ्याचं किंवा रक्तदाबाचं काहीच कळणार नव्हतं. तरी त्या बटणाचा टक् आवाज घरी येईपर्यंत माझ्या कानात राहिला.

तशीच गेली.

आमच्या घरातल्या जुन्या बायका मुलं अशीच मोजायच्या. ‘किती मुलं?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे नेहमी दोन आकडे असायचे. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, तर बोटांच्या पेरांवर मोजायची. अंगठा एकेका पेरावर फिरायचा आणि काही पेरांवर जरा जास्त वेळ टेकायचा. ‘मेलं’ हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. ‘तगलं नाही’, ‘हाताला लागलं नाही’, फार तर ‘गेलं’. रोप तगत नाही, बी हाताला लागत नाही, तसंच ते. लहानपणी मला या बोलण्यात दुःख ऐकूच यायचं नाही. ते नव्हतं की मला ऐकू येत नव्हतं, हे आता कुणाला विचारणार?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगायची टाळत होतो. मी बत्तीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली. आमच्या प्रस्ताव-अर्जात एक तक्ता असे: आई, वडील, भाऊ, बहिणी, हयात असल्यास वय, मृत असल्यास मृत्यूसमयीचं वय आणि कारण. नवीन एजंट हा तक्ता प्रामाणिकपणे भरून आणायचे. एक बहीण, वय दोन महिने, कारण माहीत नाही. एक भाऊ, वय तीन, गोवर. मी त्यांना समजवायचो, अरे, लहानपणी गेलेली लिहू नकोस, उगाच वरून शंका निघतात, प्रकरण अडकतं. ते मान डोलवायचे आणि पुढच्या अर्जात ती भावंडं नसायची. म्हणजे त्या मुलीने जे एकदा केलं ते मी बत्तीस वर्षं केलं. तिच्याइतक्या हसऱ्या चेहऱ्याने केलं की नाही, एवढाच फरक.

मॉर्टॅलिटी टेबल आमच्या कचेरीत रोजच्या चहासारखं असायचं. कुठल्या वयाच्या हजार माणसांतली किती वर्षभरात जातात, याचा तक्ता. त्याचा आलेख काढला की झोळीसारखा दिसतो, बाळाला टांगतात तशी झोळी. डावीकडचं टोक जन्माचं, तिथे उंच. मग उतरत उतरत दहा-बारा वर्षांच्या वयापाशी झोळीचा तळ, तिथे मरण सगळ्यात कमी. आणि पुढे उजवीकडे सावकाश चढत म्हातारपणापर्यंत. आजच्या झोळीचं डावं टोक जवळजवळ जमिनीला टेकलंय. २०२० सालचा महाराष्ट्राचा आकडा आहे हजार जन्मांमागे सोळा. शंभर वर्षांपूर्वी ते टोक छताला होतं. म्हणून त्या काळच्या ‘सरासरी आयुर्मान वीस-बावीस वर्षं’ या वाक्याने लोक फसतात. आमच्या कचेरीतली शिकलेली माणसंही म्हणायची, तेव्हा लोक तिशीत म्हातारे व्हायचे. तसं नव्हतं. दहा वर्षांचा झालेला पोरगा आणखी तीसेक वर्षं सहज काढायचा, काही जण सत्तरी बघायचे. सरासरी खाली ओढायची ती पाळण्यातली मुलं. आत्याच्या घरात कुणी एकाहत्तरला गेलं, कुणी एक्याऐंशीला, आणि पाच जणं मिळून चार वर्षंसुद्धा जगली नसतील.

डॉक्टरकडून आल्यावर आठ-दहा दिवसांनी मी फोर्टातल्या एका जुन्या ग्रंथालयात जाऊन बसलो. निवृत्त माणसाला कुठेही बसायला कारण लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईवरची पुस्तकं, खानेसुमारीचे खंड, नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल. पानं इतकी कोरडी की उलटताना कडेचा भुगा बोटाला लागायचा. पंखा वरून हळू फिरत होता. त्या अहवालांत मरण फार नीटनेटकं मांडलेलं असतं. वॉर्डावार, महिन्यावार, जातवार, वयावार. १९२१ सालच्या मुंबईत, एका वर्षाच्या आत गेलेली मुलं किती, तर हजार नोंदलेल्या जन्मांमागे साधारण दोन तृतीयांश. हे मी दोनदा वाचलं. मग पुढे एक तक्ता आला, घरातल्या खोल्यांप्रमाणे केलेला. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरात हजारी १३३. तीन खोल्या, १९१. दोन खोल्या, ३२२. एक खोली, ८२८. आणि त्या शहरातली दोन तृतीयांश माणसं एका खोलीतच राहत होती.

८२८ या आकड्याजवळ मी बराच वेळ थांबलो. पण धंद्याची सवय जात नाही. दुःख व्हायच्या आधी मला वाटलं, हा आकडा बरोबर नाही.

बरोबर नव्हताच, आणि हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. हा अपूर्णांक आहे. वर मेलेली मुलं, खाली जन्मलेली मुलं. पण गिरणगावातली बाई बाळंतपणाला गावी जायची. पावणेबारा लाखांच्या त्या शहरात हजार पुरुषांमागे बायका ५२५, म्हणजे निम्म्या बायका तिथे नव्हत्याच. शंभरातली ऐंशीहून जास्त माणसं मुंबईबाहेर जन्मलेली आणि पाचातलं एक माणूस एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आमचं देवगड, मालवण, सगळंच. सातवा लागला की बाई आगबोटीत बसायची. हर्णे, दाभोळ, जयगड करत बोट विजयदुर्ग-देवगडला यायची, खोल पाण्यात थांबायची, आणि माणसांना पडावात उतरवायची. पोर तिकडे व्हायचं, गावच्या पाटलाच्या वहीत लिहिलं जायचं किंवा नाही जायचं. दोन-तीन महिन्यांनी ती पोराला घेऊन परत यायची. ते पोर परळच्या चाळीत गेलं की मृत्यू मुंबईच्या खात्यावर. अपूर्णांकात वर एक वाढला आणि खाली काहीच नाही. त्यातही गावी जाणारी बाई बहुतेक एका खोलीतलीच, त्यामुळे सगळ्यात जास्त फुगला तो एका खोलीचाच आकडा.

आजीचं पहिलं मूल १९२१ सालचं. ‘मानमोडीनंतर तिसऱ्या वर्षी’ एवढाच तिचा हिशेब (मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ), आणि आमच्याकडे सगळ्या तारखा अशाच. ती सतरा वर्षांची होती. बाळंतपण देवगडपासून दोन कोसांवरच्या गावी. पावसाळ्यात आगबोटी बंद असायच्या, त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतरच्या बोटीने ती मुंबईला आली, आणि दिवाळी व्हायच्या आत मूल गेलं. ग्रंथालयाच्या टेबलावर मी वहीच्या मागच्या पानावर ते गणित मांडलं. अहवालातल्या ज्या चुकीवर बोट ठेवून मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं, त्या चुकीत आमचं एक पोर होतं. मी त्या आकड्यातून फुगवटा कमी करू पाहत होतो, म्हणजे त्यालाच वजा करत होतो. आणि फुगवटा कितीही काढला तरी खोल्यांची ती उतरंड काही सपाट होत नव्हती.

एक खोली म्हणजे काय, हे आमच्या पिढीपर्यंत माहीत असलेल्यांना सांगायला नको. आजी सांगायची ती खोली लालबागेत, दहा बाय बाराची, मागे मोरी. खोली नावाला आजोबांची. तीत आजोबांचे दोन भाऊ, गावचे तीन बाप्ये आणि वर माळ्यावर कुणाकुणाच्या ट्रंका. पाळ्या वेगळ्या असल्याने अंथरूण कधी थंड व्हायचं नाही, एक उठला की दुसरा आडवा. चूल कोपऱ्यात, धूर जायला वाट म्हणजे दार. कपड्यांना कापसाची बारीक लव आणि तेलाचा वास. भिंतीला हात लावला तर पावसाळ्यात ओला व्हायचा. गेलेल्या मुलांसमोर अहवालात कारणं लिहिलेली आहेत ती अशी: अशक्तपणा, अपुऱ्या दिवसांचं, आकडी, छातीचे विकार. आजीच्या भाषेत ‘छाती भरली’. मी ग्रंथालयात ते वाचत होतो तेव्हा मला तो धूरच आठवत होता, मी स्वतः कधीही न घेतलेला.

आणि गोळी. १९२१-२२ मध्ये डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांनी लिहून ठेवलंय की या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जायची. बाळगोळी. वाइंडिंग खात्यात, रिळावर उभं राहणारी बाई दहा तास घराबाहेर. पोर सोपवायचं कुणाकडे, तर शेजारच्या म्हातारीकडे किंवा सात वर्षांच्या बहिणीकडे. गोळी दिली की पोर निजतं, भूक लागली तरी रडत नाही. रडत नाही म्हणून कुणी दूध देत नाही. हे वाचून मला घाबरायला झालं, कारण आजी आम्हा सगळ्या नातवंडांना सहाणेवर काहीतरी उगाळून चाटवायची, हे मला स्पष्ट आठवतं. मग लक्षात आलं, ती बाळगुटी होती. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, एकेक वेढा. गोळी आणि गुटी, दोन वेगळ्या गोष्टी. पण आजीही काही वर्षं रिळावर होती, आणि तिच्या पहिल्या मुलांना काय मिळालं, हे तिने कधी सांगितलं नाही. नातवंडांच्या गुटीचे वेढे मात्र ती देवाच्या नावासारखे मोजायची. एक जास्त झालेला तिला चालायचा नाही.

याच परळमध्ये, बीआयटी चाळीत, डॉ. आंबेडकर राहत होते. आईवडिलांचं चौदावं अपत्य, आणि त्या चौदांतली थोडीच जगलेली. त्यांची स्वतःची गंगाधर, रमेश, इंदू ही मुलं लहानपणीच गेली, आणि १९२६ मध्ये राजरत्न. राहिला यशवंत. चार गेली, एक राहिलं, हा हिशेब पेरांवर मोजण्याचाच. दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा ते त्याच्या बाजूने बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तो भार बराचसा सरकारनेच उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. त्या कायदेमंडळात बसलेल्या कुणाकुणाच्या घरात कोणते आकडे होते, याची नोंद कामकाजात नसते.

मानमोडीबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण आमच्या घरातली कालगणना तिथून सुरू होते. १९१८ च्या जूनमध्ये गोदीवरच्या पहाऱ्यातले काही पोलीस शिपाई तापाने पडले आणि ती सुरुवात. आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी लिहिलंय की रात्री चोर यावा तशी ती आली. दुसरी लाट सप्टेंबरात, आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. झोळीच्या आलेखात त्या वर्षी मधोमध उंचवटा येतो. जिथे तळ असायला हवा त्याच्या जरा पुढे, वीस ते चाळीसमध्ये, जणू कुणी मोठं माणूसच झोळीत झोपवलंय. पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. सगळं घर आडवं असताना पाणी कुणी द्यायचं, ते त्यांनाच द्यायचं होतं. आणि जातवार तक्ता इथेही आहे: खालच्या समजल्या गेलेल्या जातींत हजारी ६१, युरोपियनांत ८. विषाणूला जात कळत नाही म्हणतात. खोली कळते. आमच्या पणजोबांना तीन दिवस पुरले. पणजी तेव्हा गावी होती, तिला कळलं ते आगबोटीने परत आलेल्या माणसांकडून.

या सगळ्या तक्त्यांत एक गोष्ट मला उशिरा दिसली. उजवीकडचं टोक. गिरणगावात म्हातारी माणसं मरतच नसावीत असं वाटावं, इतक्या त्या ओळी रिकाम्या. ती तिथे नव्हतीच. हात चालेनासे झाले, खोकल्यात रक्त दिसलं, की माणूस ट्रंक घेऊन बोटीत बसायचा. कोकणातल्या माणसाला मरायला गाव लागायचं. म्हणजे शहराच्या वाट्याला आयुष्याचा मधला तुकडा तेवढा, पंधरापासून पंचेचाळीसपर्यंतचा, कामाचा. जन्म कोकणच्या अंगावर, म्हातारपण कोकणच्या अंगावर. फक्त पोरं मधेच चुकून मुंबईत मरायची आणि अहवाल बिघडवायची.

आजीच्या पहिल्या मुलाचं नाव अनंत ठेवलं होतं. ते गेल्यावर पुढच्याचं नाव धोंडू. दगड-धोंड्याला कोण नेतंय. धोंडूकाका एक्याऐंशी वर्षं जगले आणि आयुष्यभर या नावावर चिडले. पोस्टात भरती होताना त्यांनी ते बदलून घ्यायचा प्रयत्न केला होता. आमच्या पिढीत भिकाजी, दगडू, केरू ही नावं विनोदाची झाली. मीही हसलोय. पाचवीच्या रात्री सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायचे, ती येऊन आयुष्य लिहून जाते म्हणून. सकाळी कागद कोराच असायचा. माझ्यासारख्या विमेवाल्याला ही पद्धत फार समजूतदार वाटते. बारसं बाराव्या दिवशी. त्याच्या आधी जे गेलं त्याला नावच नाही, त्यामुळे नंतर हाक मारून रडताही येत नाही. यामागे काही योजना होती असं मला म्हणायचं नाही.

महिन्याभराने आत्याला पुन्हा तपासणीला न्यायचं होतं. रांगेत बसल्यावर मी तिला विचारलं, त्या पाच जणांची नावं काय? ‘तुका कित्याक होयी?’ म्हणाली. मग छताकडे बघत, अंगठा पेरावर ठेवून, सांगायला लागली. अनंत. मग शेवंती, ती चालायला लागली होती, गोवरात गेली. मग एक मुलगा, त्याला सगळे बाबूच म्हणायचे. आणि दोन बिननावाची, एक धोंडूच्या पाठचं, एक सगळ्यात शेवटचं. शेवटचं तिने स्वतः बघितलं होतं, पाच वर्षांची असताना. ‘नाक माझ्यासारख्या होता,’ म्हणाली. आत डॉक्टरने भावंडांचं काही विचारलं नाही. छापून दिलेल्या कागदावर चार होते. आत्याने तो डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला, घडी केली आणि गोळ्यांच्या पिशवीत ठेवला.

येताना टॅक्सीत, लालबागच्या पुलाखाली गाडी तुंबली होती तेव्हा, मी तिला तो खोल्यांचा तक्ता सांगितला. हजारातली आठशे अठ्ठावीस. तिने ऐकलं. मग म्हणाली, ‘मगे आमचो अनंत त्या आठशातलो, काय रवलल्यातलो?’ मी समजावून सांगायला लागलो की तसं नेमकं सांगता येत नाही, तो झाला देवगडात आणि गेला मुंबईत, त्यामुळे एका बाजूला धरला गेला आणि दुसऱ्या बाजूला नाही, आणि मधल्या आगबोटीच्या प्रवासात तो कुणाच्याच खात्यावर नव्हता. तिला माझा हिशेब पटला की नाही कळलं नाही. ती बाहेर बघत होती. जिथे चाळ होती तिथे आता निळ्या काचांचा टॉवर आहे.

‘बोटीत बारक्या पोरांका तिकीट नाय लागा,’ ती म्हणाली.